पडक्या वाड्यातलं गाठोडं घरी आणलंय, आता त्याचं काय करू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारा मुलगा पंचविशीतला, सिंहगड रोडला राहतो, आयटीत नोकरी करतो. तो आणि त्याचे तीन मित्र सुट्टीच्या दिवशी पुण्यातले बंद पडलेले वाडे, बंगले, कारखाने शोधत फिरतात, आत शिरून फोटो काढतात. गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात ते मागच्या पडलेल्या भिंतीवरून शिरले. दारावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस होती. वरच्या मजल्यावर एका खोलीचं कुलूप गंजून निखळलं होतं, आत एक ट्रंक, ट्रंकेत कापडात बांधलेले मोडी लिपीतले कागद, पत्रं, भाड्याच्या पावत्या आणि एक जुना ग्रुप फोटो. वाडा लवकरच पाडणार असं ऐकल्यामुळे ते गाठोडं उचलून आणलं. एका मित्राला त्यावर रील करून पत्त्यासकट टाकायचीय, दुसरा म्हणतो विकू, पैसे येतील. वडिलांना कळल्यावर ते भडकले, ही सरळ चोरी आहे म्हणाले. मुलाचं म्हणणं असं, की वाडा बेवारस आहे, सगळे विसरलेत, आम्ही आणलं नसतं तर कचऱ्यात गेलं असतं. मग आम्ही वाचवलं की चुकलो? आणि हे फिरणं बंदच करायचं का?

उत्तर:

आधी गाठोड्याचं बोलू, कारण ते आत्ता तुझ्या घरात आहे, बाकीचं निवांत बोलता येईल. ते परत जायला हवं. वाड्यात नाही हं, परत नेऊन ठेवायला म्हणून त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस, ज्यांचं आहे त्या माणसांच्या हातात. आणि विकायचा विषय आजच्या आज मित्रासमोर बंद करून टाक. कसं द्यायचं ते पुढे सांगतेच, पण त्याआधी तू जे गृहीत धरून चाललायस त्याबद्दल बोलायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय.

तू म्हणतोस वाडा बेवारस आहे. अरे, पेठांमधे बेवारस वाडा जवळजवळ नसतोच. वाडा पडका राहतो तो त्याला मालक नाही म्हणून नाही, उलट मालक आणि हक्कदार इतके झालेले असतात की कुणा एकाला काही करताच येत नाही म्हणून. पणजोबांनी वाडा बांधला, मग भावाभावांत वाटण्या झाल्या, एकाकडे माडी, एकाकडे ओसरी, चौक सामाईक, पुढे मुलींचे हिस्से, नातवंडांचे हिस्से, कुणी अमेरिकेत, कुणी वारलं आणि वारसनोंदच झाली नाही, दोन चुलतभावांत कोर्टकेस, आणि कौलं बदलायची तरी सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. सह्या होत नाहीत, दोन पावसाळे जातात, पाणी आत येतं, तुळयांची टोकं कुजतात, वाळवी लागते.

त्यात भाडेकरू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतर शहरात जागेची टंचाई होती, भाडेकरूंना संरक्षण पाहिजेच होतं, त्यामुळे कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण पन्नास वर्षं भाडं जवळजवळ तिथंच राहिलं आणि गवंडी, सुतार, सागवान सगळ्यांचे भाव वाढत गेले. सगळ्या बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं गोळा केलं तरी एक न्हाणीघर दुरुस्त होत नाही अशी मालकाची अवस्था. नवा कायदा १९९९ चा, तो २००० साली लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, पण मूळ भाडंच पंचवीस-तीस रुपये असेल तर ४ टक्क्यांनी काय होणार. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू हक्क सोडत नाही, दोघांचीही बाजू खरी, आणि मधे वाडा झिजत जातो.

आता त्या ट्रंकेकडे परत ये. त्यात भाड्याच्या पावत्या आहेत असं तूच लिहिलंयस. ती खोली एखाद्या भाडेकरूची असणार, आणि घरातली माणसं कोथरूडला, धायरीला राहायला गेली तरी खोली सोडलेली नसते, कुलूप लावून थोडं सामान आत ठेवतात, कारण सामान आहे म्हणजे ताबा आहे. माझ्या ओळखीच्या एक आजी दर वर्षी दसऱ्याच्या आधी नातवाला बरोबर घेऊन नारायण पेठेतली अशीच एक खोली झाडून यायच्या, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं वर्षानुवर्षं इथं कुणी फिरकलेलं नाही. वाडा पाडायची वेळ येते तेव्हा कोण भाडेकरू, किती जागा, कधीपासून, हे सगळं सिद्ध करावं लागतं, आणि तिथं जुन्या पावत्या, लाइट बिलं, रेशनकार्डावरचा पत्ता यांनाच किंमत असते. नव्या इमारतीत जागा मिळणार की नाही हे कधीकधी त्या पिवळ्या चिठोऱ्यांवर ठरतं. तू जुना इतिहास म्हणून जे उचललंस तो कुणाच्या तरी घराचा आत्ताचा पुरावा असू शकतो, आणि वाडा पाडायला आलाय म्हणजे तो त्यांना नेमका आत्ता लागणार आहे. म्हणून घाई कर असं म्हणतेय.

'सगळे विसरलेत' हेही मला पटत नाही. भिडे वाडा घे. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर, सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती जागा. किती वर्षं ती इमारत डोळ्यादेखत ढासळत होती, खाली दुकानं चालू, वर पडझड. कुणी विसरलं होतं का? अजिबात नाही. स्मारक करा म्हणून मोर्चे निघत होते, महापालिकेचे ठराव होत होते. अडकलं होतं ते कोर्टात, मालकी आणि दुकानदारांच्या हक्काच्या वादात. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २०२३ मधे निकाल लागला, त्या डिसेंबरात महापालिकेने ताबा घेतला आणि एका रात्रीत इमारत उतरवली, स्मारकासाठी. ज्या जागेबद्दल सगळ्या शहराला माहिती होतं तिची ही गत, मग तुझ्या वाड्याची धूळ बघून लोक विसरले असतील असं कसं धरायचं?

वाड्यात कुणी दिसत नाही पण वाड्यातली माणसं शहरातच आहेत, फक्त पांगलीत. १८१८ ला पेशवाई संपली तशी सरदार-कारकुनांची उत्पन्नं आटली आणि मोठे वाडे विकले गेले किंवा बिऱ्हाडांना दिले गेले. १८९७ च्या प्लेगात लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले, तपासणीचे शिपाई घराघरात घुसले, त्याच संतापातून २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आणि १२ जुलै १९६१, पानशेत. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीविटांचे वाडे पाण्यात बसले. तुझी शनिवार पेठ नदीला लागूनच आहे. त्या पुरात घर गेलेली किती कुटुंबं गोखलेनगरला गेली, सहकारनगरच्या पूरग्रस्त सोसायट्यांमधे गेली. त्या दिवशी जी मुलं दहा वर्षांची होती ती आज पंचाहत्तरीत आहेत, आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं.

म्हणून खरं सांगते, तुम्ही ज्या क्रमाने जाताय तो उलटा आहे. आधी भिंतीवरून उडी, मग फोटो, मग घरी येऊन गूगल. त्याऐवजी सुरुवात बाहेरून करा. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असेल, जुनी पिठाची गिरणी असेल, शेजारच्या देवळात पूजा करणारे गुरुजी असतील, त्यांना विचारा, पण 'आत काय आहे हो' असं नको, त्याने माणूस लगेच सावध होतो आणि त्याचं बरोबरच आहे. 'काका, एकसष्टला इथपर्यंत पाणी आलं होतं का?' एवढंच विचार. पुण्यातल्या जुन्या माणसाला हा प्रश्न विचारलास की तो भिंतीवर हात ठेवून पाण्याची उंची दाखवतो, मग समोर कोण राहायचं, कुणाचं सामान वाहून गेलं, कोण परत आलंच नाही, एकातून एक निघत जातं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचार, आणि कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला हे लगेच लिहून ठेव, नाहीतर दोन वर्षांनी त्या फाइलीला काही अर्थ उरत नाही.

मग कागद. वाड्याचा सिटी सर्वे नंबर शेजाऱ्यांना माहीत असतो, त्यावरून नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक निघतं, लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, महाभूलेखच्या साइटवरही मिळतं. एका कागदावर मालकांची नावं कशी बदलत गेली ते दिसतं, आणि कुठल्या साली एकदम सात नावं चढली ते बघितलंस की घरातली वाटणी कधी झाली ते कळतं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली काढलेलं, कौन्सिल हॉलजवळ पुणे पुरालेखागार आहे जिथे पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, कापडी रुमालांत बांधून ठेवलंय, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, आणि १८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, घरबसल्या फुकट वाचता येतं, त्यात पेठ न पेठ, हौद, देवळं, घरांची वर्णनं आहेत. तुम्हा चौघांपैकी एकाने तरी मोडी शीक, पुण्यात वर्ग भरतात, रोज बसलं तर काही महिन्यांत अक्षर लागायला लागतं. मोडी येत नसताना मोडीचं गाठोडं घरात ठेवून काय करणार, मला सांग. ते हिशेब आहेत, कर्जखत आहे, की पोथीची नक्कल, तेसुद्धा तुला माहीत नाही.

आता जिवाचं, आणि इथे मी थोडी कडक बोलणार. जुन्या वाड्याचा सगळा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो आणि आतून वाळवीने पोकळ केलेला असतो. माडीची जमीन म्हणजे तुळयांवर फळ्या, वर माती, वर सारवण किंवा फरशी, ती माती पाणी पिऊन जड होते, आणि खालचं लाकूड गेलंय की नाही हे वर उभं राहून कळत नाही. पाऊस चालू असताना धोका असतोच, पण पाऊस थांबून ऊन पडल्यावर भिजलेल्या भिंती वाळताना तडकतात, तेव्हाही पडतात. महापालिका दर पावसाळ्याआधी अशा वाड्यांना नोटिसा लावते ते कागद रंगवायला नाही. तुम्ही नोटीस वाचून आत गेलात आणि वरच्या मजल्यावर चढलात, चौघं एकाच वेळी. काही झालं असतं तर बाहेर कुणाला माहीत होतं का तुम्ही कुठे आहात?

तळघर, भुयार, कोरडी विहीर यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. खाली हवा साचलेली असते, ऑक्सिजन कमी असतो, माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो, विहिरींमधे अशी माणसं जातात हे आपण पेपरात वाचतो. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात जे पाणी शहरात आणलं त्या नळाची उच्छ्वासं, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, अजून काही ठिकाणी दिसतात, बाहेरून जरूर बघा, फार सुंदर काम आहे, पण व्हिडिओसाठी आत उतरू नका. पारव्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली तर आजारपण लांबतं, बंद कारखान्यांत जुने सिमेंटचे पत्रे फुटलेले असतात त्यात अॅस्बेस्टॉस असतं, साध्या रुमालाने ते अडत नाही. खडकी, कॅम्पच्या बाजूचे रिकामे बंगले तर पुष्कळदा लष्कराच्या जागेत असतात, तिथे कॅमेरा घेऊन शिरणं हे खूप महागात पडेल.

आणि कायदा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ३२९ मधे दुसऱ्याच्या जागेत आणि घरात बेकायदा शिरण्याबद्दल शिक्षा आहे. नुसतं बघायला गेलो, वाईट हेतू नव्हता, असं म्हणता येईलही, पण वस्तू उचलून आणली की ते म्हणणं टिकत नाही. तुझे बाबा जे म्हणाले ते रागात म्हणाले असतील, चूक नाही म्हणाले. तुझा हेतू चोरीचा नव्हता हे मला पत्रावरून कळतंय, त्यांनाही कळेल, पण ते गाठोडं परत जाईल तेव्हा.

तर ते असं कर. सगळ्यात आधी पावत्यांवरची नावं वाच, त्या मराठीत किंवा इंग्रजीत असतील, घेणारा आणि देणारा दोन्ही नावं सापडतील. वाड्यावरच्या नोटिशीत मालकाचं नाव असतं, रस्त्यावरून वाच. शेजारी दुकानात विचारलंस तर कुणाचा तरी फोन नंबर मिळतो, पेठेत मिळतोच. मग बाबांना घेऊन जा, खरंच त्यांना घेऊन जा, चार पोरं दारात उभी राहिली तर लोक घाबरतात, वडीलधारं माणूस बरोबर असलं की बसा म्हणतात. जाऊन सरळ सांग, आम्ही परवानगी न घेता आत गेलो, हे मिळालं, वाडा पाडणार कळलं म्हणून आणलं, तुमचं आहे, घ्या. ट्रंक कुठल्या खोलीत होती, गाठोड्याखाली काय होतं, हे सगळं आठवतंय तोवर लिहून काढ आणि तो कागदही त्यांना दे, कारण जागेवरून हललेल्या कागदाचा निम्मा अर्थ तिथेच राहतो. ते ओरडतील कदाचित. ऐकून घे.

पावत्या भाडेकरूच्या आणि मोडी कागद मालकांचे असंही निघू शकतं, मग ज्याचं त्याला. त्यांच्यात भांडण असेल तर एका बाजूच्या हातात सगळं देऊन मोकळा होऊ नकोस, ओळखीच्या वकिलाला विचारून, दोघांना कळवून, कागदांची यादी करून, सही घेऊन दे. तोवर गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, धुतलेल्या सुती कापडात बांध, जमिनीवर नको, उन्हात वाळवू नकोस, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर नकोच नको. आणि कुणीच सापडलं नाही तर? तरी ते तुझं होत नाही. एखाद्या संस्थेत जाऊन जाणकाराला दाखव आणि कुठून, कसं आलं ते खरं सांग. पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात, त्यांच्या विक्रीला नियम आहेत, विकायला निघालेल्या मित्राला हेही सांग.

घरच्यांनी कागद हातात घेतल्यावर एक विनंती करून बघ, की स्कॅन करू द्याल का आणि त्या ग्रुप फोटोतल्या माणसांची नावं सांगाल का. बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. त्या फोटोत दुसऱ्या रांगेत कोण बसलंय हे सांगणारं माणूस आज आहे, पाच वर्षांनी असेलच असं नाही, आणि हे काम कुठलीही सरकारी कचेरी करणार नाही, तुझ्यासारखी मुलंच करतील. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की तुला ते कचऱ्यात जाण्याचं दुःख झालं.

रीलचं म्हणशील तर पत्त्यासकट नाही. त्या घरातल्या लोकांनी हो म्हटलं तरी पत्ता नाही, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. जुन्या सागवानी खांबांना, कोरीव चौकटींना, पितळी कड्यांना चांगला भाव येतो, आणि रिकामा वाडा कुठे आहे हे कळलं की रात्रीत चौकटी गायब होतात. शिवाय तुमच्या मागोमाग अकरावीतली पोरं त्याच माडीवर चढतील. आणि कृपा करून झपाटलेला वाडा वगैरे करू नका. शनिवारवाड्याचं काय झालंय बघ, १७७३ मधे नारायणरावांचा खून झाला त्याची आरोळी ऐकू येते हे प्रत्येकाला माहीत, पण १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले हे कितीजण सांगतील? एखाद्या घरावर भुताची गोष्ट चिकटली की त्या घरच्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकावी लागते.

फिरणं बंद करू नकोस, असं मी स्पष्ट सांगते. परवानगी मागून फिर. वाटतं तितकं अवघड नसतं ते, मालकाला लेखी दोन ओळी द्यायच्या, कोण आहोत, काय बघायचंय, काही हलवणार नाही, फोटो तुम्हालाही देऊ. दहातले सहा नाही म्हणतील. उरलेल्यांपैकी एखाद्या घरातले काका स्वतः किल्ली घेऊन येतील, धान्य साठवायचं बळद कुठे होतं, बाळंतिणीची खोली कुठली, हौदात पाणी कुठून यायचं हे दाखवतील, ते तुला भिंतीवरून उडी मारून कधीच कळलं नसतं. जाल तेव्हा दिवसा, पावसाळा सोडून, जाड तळाचे बूट, हेल्मेट, चांगला मास्क, एक जण बाहेर थांबलेला, आणि मालकच नको म्हणाले त्या भागात पाय नाही. परवानगी नाही मिळाली तर रस्त्यावरून जे दिसतं तेही कमी नाही, मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा, दारावरची गणेशपट्टी, छपराला आधार देणारे कोरीव हस्त, वरच्या खिडक्या. विश्रामबागवाडा १८०७ चा, नानावाडा, गंज पेठेतला फुले वाडा, हे आधी नीट बघा, म्हणजे पडक्या वाड्यात उरलेल्या दोन खांबांवरून पूर्ण चौक डोळ्यासमोर उभा करता येईल.

हे सदर वाड्यांचे मालक आणि जुने भाडेकरूही वाचतात, मधूनमधून पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठीही. रिडेव्हलपमेंटच्या करारावर सही झाली की पाडायच्या आधी थोडा वेळ हाताशी असतो. तेवढ्यात एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजमधे फोन करा, विद्यार्थी येऊन वाड्याची मापं घेतात, नकाशे काढतात, त्यांना तो अभ्यास असतो आणि तुमच्याकडे नकाशा राहतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला इमारत धड असेल तर चौकात, नाहीतर दारासमोर खुर्ची टाकून बसवा आणि बोलतं करा, मोबाइल चालू ठेवून. आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाला यायच्या आधी स्वतः उघडा, मोडी कागद वेगळे, पावत्या आणि खरेदीखतं वेगळी, फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, शाईच्या पेनाने नको, ती पुढच्या बाजूला उमटते.